दोरीवर टांगलेली सहावी ब

या वहिनी, जरा कुंपणाजवळ या. तो जास्वंदीचा फाटा बाजूला सारा, म्हणजे तोंड तरी दिसेल. कालपासून बघतेय, तुम्ही आमच्या दोरीकडे टक लावून बघता आणि मी बघितलं की घाईघाईनं कपडे झटकायला लागता. विचारा की सरळ! अहो, करणीबिरणी काही नाही. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटी म्हणजे शाळेची कार्डं. आणि मोबाईल धरून दोरीसमोर पुढे-मागे नाचत होती ना, ती कोपऱ्यावरच्या कंडक्टरदादांची धाकटी. बी.एड.ला आहे, दुसरं वर्ष.

छे हो, लग्नाचं कसलं काढता! माझ्या पुतण्याचं त्यानंच नाशकात जमवलंय. ते नंतर सांगते, मोठी कथा आहे.

तर ही धाकटी. दिवाळीच्या आधी एकदा संध्याकाळी रडवेली होऊन माझ्या पायरीवर येऊन बसली. सराव पाठ पडला म्हणाली. म्हणजे कसं, ही छात्राध्यापक मंडळी एखाद्या शाळेत जाऊन तास घेतात, मागच्या बाकावर त्यांचे सर निरीक्षण वही उघडून बसतात आणि तास संपला की शेरा. आम्हाला डी.एड.ला तक्ते, फ्लॅनेल बोर्ड आणि गुंडाळफळा. तो गुंडाळफळा काखेत मारून एस.टी.त चढलं की कंडक्टर विचारायचा, बाई, याचं अर्धं तिकीट फाडू का? (हिच्या वडिलांनी नाही हो, ते मागाहून लागले.)

आता तसं नाही राहिलं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात तंत्रज्ञानाचा वेगळा पेपरच आला. मग हिनं काय करावं? जलचक्रावर बत्तीस स्लाइड. अक्षरं भिरभिरत येणार, ढग गडगडणार, नदी खळखळणार. दोन रात्री जागली पोर. वर्गात म्हणे मुलं नुसती टाळ्या पिटत होती. ‘बाई, ते ढग परत गडगडवा ना!’ तीनदा गडगडवले. घंटा झाली. आणि सरांनी वहीत एकच ओळ लिहिली, पाठ सुंदर, विद्यार्थी कुठे होते?

तिला वाटलं सर खडूस आहेत. मी म्हटलं, बरं, मला सांग, त्या तासात एकाही मुलानं प्रश्न विचारला? आठवून आठवून म्हणाली, एकानं विचारला. काय? तर, ‘बाई, हे सगळं तुम्हीच बनवलं?’

हसू नका. मीही तेव्हा हसले आणि नंतर माझंच मला आठवलं.

अहो, मी १९८६ ला माणदेशात, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवर लागले. दुसऱ्याच वर्षी खडू-फळा मोहीम आली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शाळेला साहित्य, असं त्या योजनेचं होतं. आमच्याकडे एक पेटी आली. भिंग, लोहचुंबक, नकाशे, खेळणी, असलं बरंच. मी काय केलं? डेडस्टॉकच्या वहीला नोंद केली आणि पेटी कपाटात घालून कुलूप लावलं. कारण भिंग फुटलं तर भरून कोण देणार? साहेब तपासणीला आले की पेटी काढायची, पुसायची, परत आत. पोरं दाराच्या फटीतून बघायची. पुण्याला १९८४ ला बालचित्रवाणी निघाली होती, दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम यायचे. पुढं एका शाळेत आम्हाला टी.व्ही.ही मिळाला. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. ती बालचित्रवाणीसुद्धा २०१७ ला बंद झाली. म्हणून सांगते, यंत्र नव्हतं म्हणून अडलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यंत्र कपाटात होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

आता ही धाकटी आंतरवासितेला ज्या शाळेत जाते, तिथं स्मार्ट बोर्ड आहे म्हणे. आहे, आणि त्यावर सेलोटेपनं वेळापत्रक चिकटवलंय.

थांबा, दूध ठेवलंय गॅसवर. ... हं, आले. काय म्हणत होते?

हं, कॉलेजात त्यांना तीन वर्तुळं शिकवलीत. तिनं माझ्या पायरीवर खडूनं काढून दाखवली. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं गुंतलेलं. एक विषयाचं, एक शिकवण्याच्या हातोटीचं, एक तंत्रज्ञानाचं. मिश्रा आणि केहलर म्हणून दोघा प्राध्यापकांनी २००६ ला मांडलं. त्यातला हा पुण्य मिश्रा आपल्याकडचाच, अमेरिकेत शिकवतो. मधे जिथं तिन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात, तिथं मास्तर उभा पाहिजे, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, अगं, एवढंच ना? पुरण आलं पाहिजे, कणीक आली पाहिजे, तवाही तापला पाहिजे. तुझी आई नवीन तवा आणते तेव्हा पहिल्या दिवशी पोळी फाटतेच ना! तुझ्या बत्तीस स्लाइडला तवा होता, पुरण कुठं होतं? तर म्हणते, काकू, हे मी परीक्षेत लिहू का? म्हटलं लिही, पण माझं नाव घालू नकोस.

गंमत अजून आहे. ते नवीन निघालंय ना, काही विचारलं की मोबाईलच उत्तर लिहून देतो, त्याच्याकडून अर्ध्या वर्गानं पाठाचं टाचण लिहून घेतलं. सरांनी दोन टाचणं वाचून दाखवली, पहिला परिच्छेद शब्दाला शब्द तोच. एकीच्या टाचणात तापमान शिकवताना लिहिलं होतं की मुलांना हिवाळ्यात अंगणात बर्फाचा माणूस करायला सांगावं. फलटणात! इथं बर्फ दिसतो तो रसवंतीवर, तोही उन्हाळ्यात, बारदानाखाली. हिनंही घेतलं होतं त्याच्याकडून, माझ्याकडे कबूल केलं. पण एक बरं केलं, नंतरनंतर त्याला टाचण नाही मागितलं. सहावीची मुलं दशांश अपूर्णांकात कुठं कुठं चुकतात, असं विचारलं. मला हे आवडलं. मास्तरनं त्याच्याकडून उत्तर घेण्यापेक्षा चूक विचारावी, तीच कामाची.

तर आता कार्डांवर येते. ते बघा, एक अजून चिमट्याला राहिलंय. हातात घ्या. घ्या हो, काही होत नाही.

बघा, मधे ही वेडीवाकडी काळी आकृती. प्रत्येक कार्डाची वेगळी. कोपऱ्यात नंबर, हा मुलाचा हजेरी क्रमांक. आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा, साध्या खडूनं. ज्या मुलाला उत्तर बी वाटतं त्यानं बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. बाईंनी आपला एकच मोबाईल सगळ्या वर्गावरून असा फिरवायचा. मोबाईलला कळतं, सात नंबरनं ए म्हटलं, अकरा नंबरनं सी. झालं! मुलांकडे ना मोबाईल, ना टॅब. हातात नुसता कागद. आणि शेजारच्याचं बघून धरावं म्हटलं तर प्रत्येकाची आकृती निराळी, अक्षर मुंगीएवढं. कॉपी करता येत नाही. प्लिकर्स म्हणतात याला. चाळीस कार्डांचा संच फुकट उतरवून घेता येतो. मला तर त्या क्यूआर कोडपेक्षा हेच भावलं.

क्यूआर माहीत आहे ना? नातवाच्या पुस्तकात धड्यापाशी तो काळा ठिपक्यांचा चौकोन असतो, तोच. आपल्या सोलापूरकडचे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, त्यांनी पाठ्यपुस्तकात ते आणायचं काम केलं. २०२० ला त्यांना जगातल्या शिक्षकांचं बक्षीस मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकले. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात. शाळा बंद, निरोपसमारंभ झूमवर, आणि नारळ दोन महिन्यांनी घरपोच. तर त्या क्यूआरचं असं की, मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप कारखान्यावर. पोरगं संध्याकाळपर्यंत वाट बघतं आणि बाप आला की त्याला रील बघायचं असतं. कार्डाला ती भानगड नाही.

पण हिनं पहिल्यांदा काय गाढवपणा केला, ऐका. कार्डं टिकावीत म्हणून झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत लॅमिनेशन करून आणलं. बापाचे कष्टाचे पैसे! वर्गात खिडकीतून ऊन आलं, त्या चकाकीत मोबाईलला निम्मी कार्डं दिसेनात. खिडक्या लावल्या, ट्यूब बंद केली, पोरं म्हणाली, बाई, सिनेमा आहे का? म्हणून आता साध्या कार्डशीटवर नव्यानं छापलीत आणि वर्गाइतक्या अंतरावरून वाचता येतात का ते काल इथं दोरीवर तपासलं. एका चिमट्यावर टांगलं की वाऱ्यानं तिरकं होतं, आणि तिरकं झालं की ए चं बी होतं. मग दोन-दोन चिमटे लावले. माझे सगळे चिमटे संपले, म्हणून काल तुमच्याकडे मागायला आले होते. तुम्ही दिले, पण चेहरा असा केलात की जणू मी मसणवट्यात जातेय!

बरं, त्या अंधारलेल्या वर्गात काय झालं ते खरं सांगायचंय.

आदल्या दिवशी तिनं दशांश शिकवले होते. चांगले शिकवले होते, मी टाचण पाहिलं होतं. शेवटी विचारलं, समजलं का? अख्खा वर्ग, होऽऽऽ! दुसऱ्या दिवशी कार्डं. फळ्यावर प्रश्न लिहिला, मोठी संख्या कोणती? ए ला ०.४५, बी ला ०.५, सी ला दोन्ही सारख्या, डी ला सांगता येत नाही. मोबाईल फिरवला. निम्म्याहून जास्त वर्ग ए. पहिल्या बाकावरची हुशार पोर, जी कायम हात वर करते, तीही ए. आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, ज्याला हिनं ढ समजून सोडून दिला होता, त्यानं बी धरलेलं.

ती सांगत होती आणि मी शेंगा सोलत बसले होते. माझा हात थांबला. वहिनी, चौतीस वर्षं मी विचारलं, समजलं का? चौतीस वर्षं होऽऽऽ ऐकलं आणि पुढचा धडा काढला. त्या ‘हो’मध्ये किती गप्प तोंडं होती, कुणाला ठाऊक. आम्हाला हर्बार्टची पंचपदी पाठ होती, शेवटची पायरी उपयोजन, तीही करायचो. पण फळ्यावर कोण यायचं? ज्याला येतं तोच यायचा.

असो.

मग आम्ही दोघी बसलो, की पोरांचं नेमकं चुकतं कुठं. तुम्ही सांगा बघू, ही संख्या कशी वाचाल? ०.४५. हं! शून्य पॉइंट पंचेचाळीस. मीही तसंच वाचायची, दुकानदारही तसंच वाचतो. तिथंच माशी शिंकते! पंचेचाळीस म्हटलं की पाचापेक्षा मोठंच वाटणार. वाचायचं असतं शून्य पॉइंट चार पाच. आणि गणकयंत्रावर साडेचार रुपये ४.५ दिसतात, ते मुलं चार रुपये पाच पैसे वाचतात. आता पाच पैसे पोरांनी बघितलेतच कुठं, पण वाचतात.

आणि क्रिकेट! त्यानं तर घात केलाय. एक पोरगा हिच्याशी वर्गात भांडला, ‘बाई, चार पॉइंट पाचनंतर पाचच येतं, चार पॉइंट सहा नसतंच!’ खरंच की. षटकांत ४.५ म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू, पुढचा चेंडू पडला की पाच षटकं पुरी. अर्धं षटक तिथं ०.३ लिहितात. तो पॉइंट दशांशाचा नाहीच, पण दिसतो तसाच. पोरगं टी.व्ही.वर दिवसभर तेच बघतंय. हिला उत्तर सुचेना. म्हणाली, उद्या सांगते. मी म्हटलं, शाबास, हे तू बत्तीस स्लाइडमधे म्हणाली असतीस का? तिथं तुला उद्या नव्हताच, पुढची स्लाइड होती.

मग मी आत गेले आणि शिवणाच्या डब्यातली टेप आणून दिली. दीड मीटरची, पिवळी. म्हटलं, हा शंभरावरचा आकडा म्हणजे एक मीटर. अर्धा मीटर कुठं, पन्नासावर. तेच ०.५. आणि ०.४५ कुठं, पंचेचाळीसवर. बोट ठेवू दे पोरांना. ज्यानं ए धरलं त्यालाच बोट ठेवू दे, आणि त्या गप्प पोराला टेपचं दुसरं टोक धरू दे.

तर ही शहाणी म्हणते, काकू, टेप मिलिमीटरवर संपते, त्याच्या पुढं काय? आणि मोबाईलवर ते जिओजेब्रा उघडलं. ऑस्ट्रियातल्या एकानं २००१ ला आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून सुरू केलेलं, सगळ्यांना फुकट. संख्यारेषा काढली आणि दोन बोटांनी ताणली. ०.४ आणि ०.५ च्या मधे काहीच नव्हतं, तिथं ०.४१, ०.४२ अशी घरं उगवली. पुन्हा ताणली, ०.४५ आणि ०.४६ च्या मधे आणखी. पुन्हा ताणली, आणखी. वहिनी, मी चाळीस वर्षांपूर्वी डी.एड.ला पाठ केलं होतं की कुठल्याही दोन संख्यांच्या मधे असंख्य संख्या असतात. पाठ केलं, शिकवलं, तपासलं, मार्क दिले. पण बघितलं ते परवा, माझ्या पायरीवर. भिंग मी कपाटात ठेवलं होतं ना, तसलंच भिंग हे, फक्त कुलपाशिवाय.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना पोरीचं भारी कौतुक. आहे, पण भोळं नाही. तिला मी एकदा खडसावलं. त्या कार्डांच्या ॲपमधे मुलांची नावं घालायची सोय आहे, तिनं घातली होती, आडनावासकट. म्हटलं, कुणाच्या पोराला काय येत नाही हे परक्याच्या यंत्रात कशाला साठवतेस? आईबापाला विचारलंस? तिच्या सरांनीही तेच सांगितलं. आता नुसते हजेरी क्रमांक घालते. आणि त्या शाळेतल्या बायका वेगळंच म्हणतात. त्यांना रोज पोषण आहाराची माहिती भरा, हजेरी भरा, अमुक पोर्टल, तमुक ॲप. मोबाईल हातात घेतला की पोटात गोळा येतो म्हणतात. तंत्रज्ञान त्यांच्या वाट्याला आलं ते माहिती मागायला, आणि त्यात तास बुडतो. त्यांना आळशी म्हणणाऱ्यानं एक आठवडा त्यांच्या जागी बसून दाखवावं.

आणि पुढचं काय विचारता? बी.एड. झाली की टी.ई.टी., मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव यायची वाट. आलंच नाव तर उच्च प्राथमिकला शिक्षणसेवक, तीन वर्षं, महिन्याला १६ हजार. पूर्वी सहाच हजार होते, २०२३ ला वाढवले. कंडक्टरदादा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. आई म्हणते, आधी लग्न. हिला विचारलं तर म्हणते, त्या मागच्या बाकावरच्या पोराला बी कसं आलं ते मला अजून कळलं नाही, ते विचारायचंय. शेवटी विचारलंच तिनं. पोराचा बाप गवंडी आहे. पोरगं सुट्टीत टेप धरायला जातं.

अगंबाई, तुमचा कुकर कितव्या शिट्टीवर गेला? जा, जा. पुतण्याचं उद्या सांगते.

थांबा, एकच. सोमवारी तिचा पाठ आहे, सहावी ब, तिसरा तास. संध्याकाळी तुमच्याकडे विरजण मागायला येईल तेव्हा तिला एवढं सांगा, पाठ झाला की माझी टेप परत आणून दे. तुमचीच दोन ब्लाउजं अडलीत.